खाडा लावण्याआधी

आमच्या टाईम ऑफिसात न सांगता गैरहजर राहिलेल्या माणसाच्या नावापुढे 'खाडा' लागतो. महिनाअखेरीला खाडे मोजायचे, तेवढा पगार कापायचा, सलग जास्त झाले तर नोटीस काढायची. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मी २०१३ पासून एचआरचं काम बघते आणि पहिली सात वर्षं माझं बरंचसं काम या खाड्यांभोवतीच फिरत होतं. बाकी पीएफचं चलन, ईएसआयचं (कामगार विम्याचं) चलन, बोनसचा हिशेब आणि तपासणीसाठी रजिस्टरं लावून ठेवणं. माणसं मला चेहऱ्यांपेक्षा टोकन नंबरांनी जास्त माहीत होती.

एप्रिल २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात एका फर्नेस ऑपरेटरच्या नावापुढे मी तीन खाडे लावले. 'ब्रेक द चेन'चे निर्बंध होते, निम्म्या माणसांवर भट्टी चालली होती, रोज पाच-सहा जण येत नव्हते. फोन करायला हवा होता. केला नाही. चौथ्या दिवशी त्याच्या गावचा, दुसऱ्या पाळीचा एक जण गेटवर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, त्यो मिरजेत ॲडमिट हाय. स्कोअर सोळा आलाय." तेव्हा सांगली-मिरजेत कुणाची तब्येत विचारायची म्हणजे 'स्कोअर किती' असंच विचारायचं. छातीच्या स्कॅनवरचा तो आकडा पंचविसापैकी असतो, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ झालं होतं. मेच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. वय ३९, नोकरी बारा वर्षांची. मागे आई, बायको, अकरा वर्षांचा मुलगा आणि नऊ वर्षांची मुलगी.

त्या महिन्याचं हजेरीपत्रक मी फाईलला लावलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोरोनानंतर आमच्या कामात काय बदललं असं कुणी विचारलं, की मला सगळ्यात आधी तो खण आठवतो. चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र, मोबाईलवरचं पगारपत्रक, व्हिडिओवरच्या मुलाखती हे सगळं आलं, पण त्याच्या आधी जे झालं ते सांगितल्याशिवाय यातलं काहीच नीट कळणार नाही.

खरं तर २०२० मध्येच मला शहाणपण यायला हवं होतं. मार्च संपता संपता इस्लामपुरात एकाच कुटुंबातले रुग्ण सापडले आणि अख्ख्या जिल्ह्याला धडकी भरली. २५ मार्चपासून देश बंद. आमच्या फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) आणि मोल्डिंगला (साचे करायला) कंत्राटदाराची माणसं होती, बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशाची, कुपवाड आणि बामणोलीत खोल्या करून राहणारी. मालकांनी सांगितलं, त्या सगळ्यांना शिधा पोचवा. मी यादी काढायला बसले तर यादीच नाही. कंत्राटदाराच्या बिलावर 'फेटलिंग – २२ हेड' एवढंच लिहिलेलं असायचं. कंत्राटदाराचा फोन बंद. आमच्याकडे आकडा होता, नावं नव्हती. शेवटी टाईम ऑफिसचे काका सायकलवरून खोल्या-खोल्या फिरले आणि वहीच्या पानावर नावं, गावं, मोबाईल नंबर लिहून आणले. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुरू झाल्या आणि त्यातले बरेच जण निघून गेले, तेव्हा प्रवासाच्या नोंदणीला काकांचं तेच पान उपयोगी पडलं. आता चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला लागतं. आम्ही कंत्राटी माणसाचं नाव, गावाकडचा पत्ता आणि घरच्या कुणाचा तरी फोन घेतल्याशिवाय त्याला गेटच्या आत घेत नाही, ही सवय मात्र त्या पानापासूनची आहे.

पगाराचाही प्रश्न होता. २९ मार्चच्या केंद्राच्या आदेशात बंदच्या काळाचा पूर्ण पगार द्या असं होतं, १८ मेपासून तो आदेश मागे घेतला गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बसून बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. आमच्याकडे मार्चचा पगार पूर्ण झाला, पुढच्या दोन महिन्यांसाठी कामगार प्रतिनिधींबरोबर शेडमध्येच, लांब लांब खुर्च्या मांडून बसलो आणि निम्म्या पगारावर तडजोड झाली. मालकांनी त्या दिवशी विजेचं बिल आणि बँकेचा हप्ता दोन्ही कागद सगळ्यांसमोर ठेवले. माझ्या नोकरीत मी असं पहिल्यांदाच बघितलं.

आणि माणसांचे कागद जुळत नाहीत याची खूणही याच वेळी मिळाली होती. सरकारने पीएफमधून तीन महिन्यांचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता किंवा जमा रकमेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी असेल तेवढं परत न फेडण्याच्या अटीवर उचलायला परवानगी दिली. निम्म्या पगारावर घर चालवणाऱ्यांना तो मोठाच आधार होता. आमच्या माणसांनी अर्ज भरले आणि एकामागोमाग एक अर्ज परत यायला लागले. नाव जुळत नाही. जन्मतारीख जुळत नाही. बँक खात्याला दुसरंच नाव. मी ज्यांचे अडले त्यांचे तेवढे दुरुस्त करून दिले आणि भट्टी पुन्हा पेटल्यावर विसरून गेले.

आपल्या भागात नावांचं काय होतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. शाळेच्या दाखल्यावर नावाच्या शेवटी 'सो', आधारवर 'साहेब', पीएफला लावताना आमच्याच क्लार्कने दोन्ही गाळून टाकलेलं. निम्म्या कामगारांचा जन्म १ जूनचा, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख लिहिली, आणि त्यातल्या कित्येकांच्या आधारवर नुसत्या सालावरून १ जानेवारी पडलेली. बायकोचं नाव माहेरचं एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. गावात याने कुणाचं काही अडत नाही. संगणकाला मात्र ही तीन वेगवेगळी माणसं वाटतात.

तेराव्यानंतर त्या ऑपरेटरची बायको आली, दीर बरोबर. प्लास्टिकच्या पिशवीत घरातले होते नव्हते तेवढे कागद: रेशनकार्ड, दोन आधारकार्डं, दवाखान्याची बिलं, सोसायटीच्या कर्जाची पावती आणि लग्नाची पत्रिका. पत्रिका कशासाठी आणली विचारलं तर म्हणाली, "लागली तर असावी म्हणून." तिला नवऱ्याचा पगार किती होता हे ठाऊक नव्हतं. पीएफ कापतात हे ऐकून होती, ते कुणाला आणि कसे मिळतात ते नाही. मी त्याची फाईल उघडली. २००९ मध्ये कामाला लागताना, लग्न व्हायच्या आधी, त्याने वारस म्हणून वडिलांचं नाव लिहिलं होतं. वडील २०१६ मध्ये वारले होते. लग्नानंतर ती नोंद नव्याने करायला लागते. बारा वर्षांत ती त्याने केली नव्हती आणि आम्ही त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. मी त्याला दर दिवाळीला बोनसच्या रजिस्टरवर सही करताना बघत होते. तेव्हाच एक कागद पुढे सरकवला असता तर दोन मिनिटांचं काम होतं.

तिला काय काय मिळायचं होतं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण आजही कितीतरी घरांना हे माहीत नसतं. पीएफची जमा रक्कम एक. दुसरं, पीएफबरोबर प्रत्येक सभासदाचा विमा असतो, ईडीएलआय नावाचा. त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नाही, हप्ता मालक भरतो, म्हणूनच बहुधा कामगाराला त्याचा पत्ता नसतो. २८ एप्रिल २०२१ च्या अधिसूचनेने त्याची कमाल रक्कम सहा लाखांवरून ७ लाख झाली. सरासरी मासिक पगाराच्या ३५ पट, त्यात पगार १५,००० रुपयांपर्यंतच धरायचा, आणि वर पीएफमधल्या सरासरी शिलकेच्या निम्मे, पण पावणेदोन लाखांच्या आत. तिसरं, पत्नीला पेन्शन आणि दोन मुलांना २५ वर्षांची होईपर्यंत पेन्शन. चौथं, ग्रॅच्युइटी. मृत्यूच्या बाबतीत पाच वर्षांच्या नोकरीची अट लागत नाही, पण याची बारा झालीच होती. पाचवं ईएसआयचं. कोरोनाने गेलेल्या विमाधारकाच्या अवलंबितांना सरासरी रोजाच्या ९० टक्के दराने दरमहा मदत देणारी योजना जून २०२१ मध्ये आली आणि ती २४ मार्च २०२० पासून मागे लागू केली गेली. अट अशी होती, की आजाराचं निदान होण्याच्या किमान तीन महिने आधी माणसाची ईएसआयला नोंद झालेली असावी आणि आधीच्या वर्षभरात किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी. याशिवाय कोरोनाने गेलेल्याच्या घरच्यांना तेव्हा राज्य सरकारमार्फत मिळणारे पन्नास हजार.

ग्रॅच्युइटी आमच्या हातात होती, ती महिन्याच्या आत दिली. बाकी सगळीकडे कागद आडवे आले. वैध वारस नोंद नाही म्हटल्यावर पीएफ कुटुंबात सारखा वाटला जातो, म्हणजे सासूचं खातं, मुलांची खाती, आणि मुलं अल्पवयीन म्हणून त्यांच्या वतीने आईची सही. सासूच्या खात्याला तिचं आधार जोडलेलं नव्हतं. नावातला 'सो' आणि 'साहेब' दुरुस्त करायचा तर ज्याची सही हवी तो माणूसच नाही. त्यातून तो आधी काही वर्षं आमच्याच कंत्राटदाराकडे होता, त्यामुळे पीएफची दोन खाती. ईएसआयच्या मदतीला कोरोनाचा पॉझिटिव्ह रिपोर्ट हवा होता, आणि दवाखान्याच्या कागदांत स्कॅनचा स्कोअर होता, आरटीपीसीआरचा कागद कुठेच नव्हता. तिला आठवत होतं की नाकातला नमुना घेतला होता. तिचा दीर, मी आणि काका, तिघांनी मिळून तो शोधला. शेवटी त्याचा बंद पडलेला मोबाईल विश्रामबागेतल्या एका दुकानात दुरुस्त करून घेतला आणि त्यातल्या मेसेजमध्ये चाचणीचा क्रमांक सापडला. त्यावरून रिपोर्ट काढता आला. दुकानदाराने काय काम आहे ते ऐकल्यावर पैसे घेतले नाहीत.

सगळं मार्गी लागायला जानेवारी २०२२ उजाडला. आठ महिने. त्या आठ महिन्यांत ती दर पंधरा दिवसांनी कवठेमहांकाळकडच्या गावाहून एसटीने यायची, संप होता तेव्हा वडाप (खासगी जीप) धरून यायची. एकदाही आवाज चढवला नाही. तिने चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याच लाटेत आमचा एक सुपरवायझरही गेला. त्याचा पगार २१,००० च्या वर गेला होता, म्हणजे तो ईएसआयच्या बाहेर. बढती मिळाली तेव्हा त्याने पेढे वाटले होते. पीएफचा विमा त्याच्या घरच्यांना मिळाला, पण ईएसआयची दरमहाची मदत नाही, आणि दवाखान्याचं बिल घरच्यांनी दागिने मोडून भरलं होतं. तो हिशेब मी मालकांपुढे ठेवला. दोन महिन्यांनी कंपनीने ईएसआयबाहेरच्या सगळ्यांसाठी मेडिक्लेम आणि सर्वांसाठी सामूहिक मुदत विमा घेतला. पगारवाढीच्या पत्रात आता आम्ही ठळक अक्षरात लिहितो की या वाढीने तुम्ही कशाच्या बाहेर पडताय आणि त्याऐवजी काय मिळतंय.

ऑगस्ट २०२१ पासून मी रविवार धरायला सुरुवात केली. आधारशी न जुळणाऱ्या यूएएनचं (पीएफच्या सभासद क्रमांकाचं) चलन सप्टेंबरपासून भरता येणार नव्हतं, त्यामुळे नावं जुळवणं भागच होतं. मी म्हटलं, माणूस समोर बसणारच आहे तर वारस नोंदही करून टाकू, ऑनलाईन. कामावर कायम १४७ जण. मला वाटलं महिन्याचं काम आहे. मार्च उजाडला.

ऑनलाईन वारस नोंदीला माणसाचा फोटो लागतो, घरच्यांचे फोटो आणि आधार नंबर लागतात, आणि शेवटी सहीच्या जागी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. इथेच गाडं अडायचं. जोडलेला नंबर कुणाचा तीन मोबाईल मागचा, कुणाचा मेहुण्याचा, आणि बऱ्याच जणांचा घरी बायकोच्या हातात. मग कामगार घरी फोन लावून विचारणार, बायको म्हणणार कसला नंबर आलाय, सायबर चोरीच्या बातम्या ऐकून कुणाला सांगायचा नाही असं ठरलंय. तिचं बरोबरच होतं. तिसऱ्या रविवारी काका म्हणाले, "मॅडम, गड्यांना कशाला बोलवताय? बायकांना बोलवा की."

बोलावलं. कॅन्टीनमध्ये पोहे, चहा, अंतर ठेवून बाकडी. सतरंजीवर लहान मुलं. बायकांनी फौंड्री आतून पहिल्यांदाच बघितली. भट्टी बंद होती तरी त्या शेडची धग अंगाला लागते. एकीने नवऱ्याला विचारलं, "हितं उभं राहता व्हय आठ-आठ तास?" त्यावर तो काही बोलला नाही.

पुढचं मी ठरवलेलं नव्हतं. वारस नोंदीचा फॉर्म समजावताना मी एका ताईंना नमुना म्हणून नवऱ्याचं पगारपत्रक दाखवलं. तिने विचारलं, हे ओटी म्हणजे काय, आणि हे 'ॲडव्हान्स कपात' म्हणजे काय. क्षणात सगळ्या कॅन्टीनमध्ये पगारपत्रकं मागितली गेली. काही गडी उठून बाहेर गेले. कुणाची उचल बहिणीच्या लग्नासाठी होती, कुणाची घरी न सांगता घेतलेली. एका घरात त्यावरून दोन दिवस जेवण झालं नाही असं मागाहून कळलं. मी चुकले का, असा मला बरेच दिवस प्रश्न पडला होता. माणसाची उचल ही त्याची आणि कंपनीची गोष्ट आहे, ती मी चारचौघांत उघडी पडू द्यायला नको होती, असं आजही मला वाटतं. पुढच्या रविवारपासून प्रत्येक जोडप्याला वेगळं बसवलं आणि पगारपत्रक नवऱ्याने स्वतः दाखवलं तरच बघितलं. पण बायकोला पीएफ, विमा आणि ईएसआय ठाऊक असलंच पाहिजे, यावर मी ठाम राहिले.

तेव्हा माणसांनी समोर बसून काय काय सांगितलं ते सगळं लिहिता येणार नाही. एकाला भावाचं नाव लावायचं होतं, कारण भावाने त्याला शिकवलं होतं. घरचं कुटुंब असताना पीएफला भावाचं नाव चालत नाही, हे सांगितल्यावर त्याला वाईट वाटलं. एक जण दार लोटून म्हणाला की बायको चार वर्षं माहेरी आहे, आईचं नाव लावा. एका विधवा हेल्परने विचारलं की लग्न झालेल्या मुलीचं नाव लावलं तर मुलगा भांडेल का. एचआरचं शिक्षण घेताना यातलं कुणी शिकवलं नव्हतं. नियम सांगायचा, आणि तो सांगून झाला तरी माणूस उठेपर्यंत बसून राहायचं, एवढंच मी शिकले.

या रविवारांतून एक वही तयार झाली. कुणाला साखर आहे, कुणाला रक्तदाब, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाचं घर पुराच्या पट्ट्यात आहे, संकटात फोन कुणाला करायचा. ती आधीच हवी होती, हे जुलै २०२१ नेच सांगितलं होतं. दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच कृष्णा सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून वर गेली. २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती, तो अनुभव ताजा होता, म्हणून सांगलीवाडी, हरिपूर आणि गावभागातली माणसं आम्ही आठवून आठवून शोधली आणि चौदा कुटुंबांना कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये आणि वरच्या शेडमध्ये आणलं. आठवून शोधताना दोन घरं राहिली. आता वहीत नदीकाठच्या घरांना लाल खूण आहे.

आजारातून उठलेल्यांचा प्रश्न वेगळाच होता. रिपोर्ट निगेटिव्ह आला की माणूस कामावर, असा साधा हिशेब होता. पण जो माणूस आधी लॅडल (वितळलेल्या लोखंडाचं भांडं) सहज ओढायचा तो दहा पावलांवर बसायचा, आणि बसलेला दिसला की फोरमन ओरडायचा. आम्ही दोन महिने अशा माणसांना तिसरी पाळी द्यायची नाही आणि भट्टीऐवजी तपासणीच्या टेबलावर बसवायचं असं ठरवलं. उत्पादन घटतं म्हणून फोरमन माझ्यावर नाराज होता. नंतर त्याच्याच भावाला हा त्रास झाला, तेव्हापासून तोच अशी नावं आणून देतो.

आता घरून काम करण्याबद्दल. वर्तमानपत्रांत तेव्हा याचीच चर्चा असायची, आणि सांगलीतही पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांची मुलं गावातल्या माडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली दिसायची. आमच्याकडे डिझाईनला चौघे आणि अकाउंट्सला तिघे. त्यांना घरून काम देणं अवघड नव्हतं, अवघड होतं ते भट्टीपुढच्या माणसाच्या नजरेला नजर देणं. "त्यांचा जीव तेवढा जीव, आन् आमचा?" हे मला एका मोल्डरने विचारलं. लोखंड घरी वितळवता येत नाही हे त्यालाही माहीत होतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की सवलत द्यायची तर त्यालाही त्याच्यासारखी काही असावी.

ती सापडली छाटणीत. आमची निम्मी माणसं तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यातली, घरी एक-दोन एकर द्राक्षबाग. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि त्यानंतरचे काही दिवस बागायतदार माणूस दुसरीकडे कुठेही उभा राहू शकत नाही. वर्षानुवर्षं ही माणसं त्या दिवसांत खोटी कारणं सांगायची: आजी वारली, पोट बिघडलं. आम्ही खाडे लावायचो, मग नोटीस, मग माफीनामा. २०२२ पासून आम्ही सप्टेंबरमध्येच विचारतो, बाग कधी छाटणार? तसं पाळ्यांचं पत्रक लावतो. आपसांत पाळी बदलायची असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर दोघांनी सही करायची, फोरमनने बघायची, झालं. डिझाईनवाल्यांना आठवड्यातून दोन दिवस घरून, आणि भट्टीवाल्यांना छाटणीचे दिवस. पहिल्याच वर्षी ऑक्टोबरमधले खाडे इतके कमी झाले की काकांना रजिस्टर पुन्हा तपासावंसं वाटलं. बड्या शहरांतली एचआरची माणसं ज्याला लवचिक वेळ म्हणतात, ती इथे द्राक्षाच्या काडीनं ठरते.

भरतीचं मात्र अजून जमलेलं नाही. आयटीआयची पोरं व्हिडिओवर मुलाखत देतात, उसाच्या बांधावर रेंज शोधत उभी राहून, आणि नीट देतात. तीन महिने काम शिकतात आणि चाकणला जातात किंवा मोटारसायकलवर पार्सल पोचवायला लागतात. फौंड्रीची धूळ त्यांना नको आहे. मी त्यांना दोष देत नाही. धूळ ओढणारी यंत्रणा नवी बसवली तेव्हा मालकांना पटवताना मी त्या पोरांची राजीनामापत्रंच दाखवली होती.

खाडा लावण्याआधी फोन, हा नियम १ जून २०२१ पासून आहे. सकाळी साडेआठला काका यादी देतात, मी नऊपर्यंत सगळे फोन करते. बहुतेक वेळा कारण साधंच असतं: गाडी पंक्चर, पोराचा ताप, काल हळद होती आणि जाग आली नाही. मग खाडा लागतो, त्यात सूट नाही. माणूस फोन उचलत नसेल तर वहीतला दुसरा नंबर. तोही लागला नाही तर त्याच्या गावचा जो कुणी पाळीत असेल त्याला विचारायचं. या फोनांमुळे दोनदा माणूस वेळेत दवाखान्यात पोचलाय, त्यातला एक छातीत दुखत असताना घरात एकटाच होता.

ती ताई अजून वर्षातून एकदा येते, पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला. ते बाहेर कुठेही होतं, पण ती आमच्याकडेच येते. तिला आम्ही तपासणी खात्यात काम देऊ केलं होतं. सासूला आणि मुलांना सोडून रोज इतक्या लांब येणं जमणार नाही म्हणाली. गावाजवळच्या बेदाणा शेडवर जाते. पहिल्या वर्षी यंत्र तिचं बोट घेईना, बेदाणा निवडून निवडून रेघा झिजलेल्या. दहाही बोटं लावून बघितली होती. आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतं.

गेल्या नोव्हेंबरात आली तेव्हा बरोबर मुलगा होता, बापाएवढा उंच. काका त्याच्याकडे बघत राहिले. दाखला झाला, चहा झाला. मग तिने पिशवीतून स्वतःचं बँकेचं पासबुक काढलं. पहिलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं.

"ह्यात माझ्यामागं कुणाचंच नाव न्हाई, मॅडम. पोरगं दहावीला गेलं, पोरगी आठवीला. दोघांची लावता येत्यात का?"

काकांनी चष्मा लावला. मी बँकेत फोन लावला.